आजीचे नाव काय होते?

अनंत चतुर्दशीची रात्र इंदूरकराला झोपायची रात्र वाटतच नाही. संध्याकाळपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सतरंज्या पसरल्या जातात, ओळखीच्या घरांच्या गॅलऱ्या भरून जातात, आणि मग पहाटेपर्यंत गिरण्यांच्या झांक्या पुढे सरकत राहतात. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिली झांकी पाहिली ती आजीच्या मांडीवर बसून किंवा आजोबांच्या खांद्यावरून. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी ही नावे आपण पुस्तकातून शिकलो नाही, झांक्यांवरून शिकलो. गिरण्या बंद पडून किती वर्षे झाली, तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत.

आता नातवंडे विचारतात, "ही हुकुमचंद मिल कुठे आहे?" आपण हात लांब करून एका दिशेला दाखवतो आणि पुढच्या झांकीकडे बघायला सांगतो. त्या लहानशा प्रश्नातून हा लेख सुचला.

स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहायचे म्हटले की आपल्या मनात प्रथम होळकर येतात. सुभेदार मल्हारराव, देवी अहिल्याबाई यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे. पण ज्या आजीच्या मांडीवर आपण झांकी पाहिली, तिचा इतिहास कोणी लिहिला? तिच्या आयुष्यात दोन महायुद्धे झाली, साम्राज्ये बुडाली, नकाशे बदलले. आपल्या लेखी मात्र ती पुरणपोळी उत्तम करत असे, एवढीच तिची नोंद राहिली.

म्हणून आम्ही या लेखापुरती एक आजी धरली आहे. ती कुणा एका घरची नाही, तुमच्याआमच्या घरांतल्या आज्यांवरून कल्पिलेली आहे. जन्म १९१७ सालचा, राजवाड्याच्या आसपासच्या एखाद्या वाड्यातला. आजोबा होळकर सरकारच्या कचेरीत कारकून. नव्या शतकाची पहिली एकदोन वर्षे पाहून ती गेली. आजी कल्पित असली तरी तिच्याभोवतीच्या घटना आणि साले खरी आहेत. वाचताना आपापल्या आजीला तिथे बसवून पाहावे.

जन्माचे साल

१९१७ च्या नोव्हेंबरात रशियात लेनिनच्या बोल्शेविकांनी सत्ता घेतली. युरोपात पहिल्या महायुद्धाचे चौथे वर्ष चालू होते. त्याच वर्षी आपल्या इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे होते. युद्धामुळे मँचेस्टरचे कापड येणे कमी झाले आणि देशी गिरण्यांना बरकत आली. इंदूरच्या कापड गिरण्यांचा जोर त्याच काळात वाढला. आजीच्या पाळण्यावर गिरणीचा भोंगा ऐकू येत होता आणि पुढे सत्तर-पंच्याहत्तर वर्षे तिचे घड्याळ तोच भोंगा होता.

त्या सुमारास प्लेग शहरात फिरून फिरून येत असे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला शहररचनेसाठी बोलावले. गेडिस साहेबांनी पाहिले की नुसते हुकूम काढून गल्ल्या स्वच्छ होत नाहीत. महाराजांच्या संमतीने त्यांनी दिवाळीला एक वेगळीच मिरवणूक काढली. ती कोणत्या रस्त्याने जाणार हे आधी सांगितले नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ असेल तिथून ती जाईल, एवढेच जाहीर केले. मग काय, घराघरांत झाडलोट, रंगसफेदी सुरू झाली, कचऱ्याच्या गाड्यांच्या गाड्या बाहेर निघाल्या. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, आणि पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. गेडिस यांचा इंदूरवरील अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत छापला गेला आणि नगररचनेचे विद्यार्थी आजही तो वाचतात. २०१७ मध्ये इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, त्याच्या साधारण शंभर वर्षे आधीची ही गोष्ट.

१९१८ च्या मार्चमध्ये गांधीजी इंदुरात आले, हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. दक्षिणेत हिंदीचा प्रसार करण्याच्या कामाला चालना मिळाली ती याच संमेलनातून. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत या शहराने मराठीचाही मांडव घातला आणि हिंदीचाही. आजीच्या पुढच्या आयुष्याची दोरी या दोन भाषांच्या पिळाची होती.

त्याच वर्षी पाऊस कमी पडला, महागाई वाढली आणि पावसाळ्यानंतर इन्फ्लुएंझाने कहर केला. महायुद्धाबरोबर जगभर पसरलेल्या या साथीत सर्वाधिक माणसे हिंदुस्थानात गेली, तीही एक कोटीहून अधिक. १९११ ते १९२१ हे विसाव्या शतकातले एकच दशक असे आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. "आई मी तान्ही असताना गेली," असे सांगणाऱ्या आज्या त्या पिढीत पुष्कळ होत्या. आपण ते घरगुती दुःख समजून ऐकले. ते कोणत्या साली, कशाने, हे विचारले असते तर जगाच्या इतिहासातल्या एका मोठ्या साथीची साक्ष आपल्याच माजघरात मिळाली असती.

राजवाड्यातले जग आणि वाड्यातले जग

१९२५ च्या जानेवारीत मुंबईला मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडले. त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले आणि १९२६ च्या फेब्रुवारीत तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. सारा देश त्यावर बोलत होता. वाड्यांत मात्र पुरुषमंडळी खालच्या आवाजात बोलत आणि मुली आल्या की गप्प होत. आठनऊ वर्षांच्या मुलीला एवढेच कळले की महाराज बदलले आणि नव्या महाराजांचे नाव यशवंतराव.

यशवंतरावांच्या काळात जग इंदुरात थेट आले. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशास्त्रज्ञाने त्यांच्यासाठी माणिकबाग महाल आधुनिक पद्धतीने सजवला. ब्रांकुशी या थोर शिल्पकाराच्या पक्ष्याच्या मूर्ती महाराजांनी विकत घेतल्या. ध्यानमंदिर उभारायचे म्हणून १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः इंदुरात येऊन गेला, पण ते मंदिर झालेच नाही. माणिकबागेत पुढे सरकारी कर खात्याची कचेरी बसली.

आजीच्या वाड्यात जग आले ते बाजारभावाच्या रूपाने. १९२९ च्या सप्टेंबरात याच इंदुरात लता मंगेशकरांचा जन्म झाला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. न्यूयॉर्क कुठे आहे ते माळव्यातल्या कापूस पिकवणाऱ्याला ठाऊक नव्हते, पण मंदीने त्याच्या कापसाचा भाव पाडला. १९३१ मध्ये ब्रिटनने आपल्या चलनाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, सोन्याचा भाव चढला, आणि हिंदुस्थानातल्या घराघरांतून मोडलेले सोने बोटींनी परदेशी जाऊ लागले. त्या सुमारास लग्न झालेल्या मुलींच्या अंगावर आईच्या पाटल्या का नव्हत्या, याचे एक उत्तर लंडनमध्ये होते. "तेव्हा जरा ओढाताण होती," एवढेच आजी सांगत असे.

इंदूरकडून जगाकडे गेलेली एक गोष्टही याच काळातली. अल्बर्ट हॉवर्ड हा शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत होता. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, राख आणि पाणी यांचे थर घालून, ते ठरावीक दिवसांनी उलटवून साधारण तीन महिन्यांत उत्तम खत करायची पद्धत त्याने इथे बसवली. जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ च्या तिच्यावरील पुस्तकावर हॉवर्डबरोबर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. इंग्लंड-अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्डला गुरू मानले. वाडांचे नाव मात्र इंदुरातही फारसे कोणी घेत नाही. आणि हॉवर्डने स्वतः मान्य केले होते की त्याचे गुरू इथले शेतकरी होते. त्यांची तर नावेच राहिली नाहीत. शास्त्रज्ञांच्या बाबतीत ही गत, मग आजीचे काय!

दोन संमेलने, एक शहर

१९३५ हे इंदूरच्या इतिहासातले मोठे मजेचे साल आहे. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन इथे भरले, अध्यक्ष औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आणि त्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलनही इथेच भरले, अध्यक्ष पुन्हा गांधीजी. त्याच वर्षी यशवंतरावांच्या चेहऱ्याची तांब्याची नाणी निघाली. आपल्यापैकी काहींच्या देव्हाऱ्यात किंवा जुन्या डब्यात त्यांतले एखादे अजून सापडेल.

आजी तेव्हा अठराची, दोनतीन वर्षांची सासुरवाशीण. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचे नवे नाव लिहिले होते. माहेरचे नाव त्या दिवशी मागे राहिले. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला तिने उखाण्यात नवऱ्याचे नाव शेकडो वेळा घेतले. तिचे नाव उखाण्यात कोणी घेतले नाही, आणि घरातही ती आधी 'सूनबाई', मग 'वहिनी', मग 'अमक्याची आई', शेवटी 'आजी' झाली.

भाषेचे तिचे गणित सोपे होते. घरात मराठी, भाजीवालीशी माळवी, दुकानदाराशी हिंदी. त्यातून जी मराठी तयार झाली तिला पुण्याचे पाहुणे हसत. पण दीडदोनशे वर्षे ज्या मातीत राहिलो तिचा वास भाषेला येणारच. तो लपवायचे कारण नाही.

युद्ध, रॉकेल आणि कॉम्प्टन

दुसरे महायुद्ध इंदूरपासून दूर झाले असे आपण म्हणतो. आजीला ते चुलीपाशी भेटले. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ आणि रॉकेल दोन्ही आटले. दिव्याची वात कमी करावी लागली. १९४० पासून चांदीच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आली होती. बायकांनी रुपया ओट्यावर वाजवून पाहिला आणि जुने रुपये गाठोड्यात बांधून ठेवले. कापड गिरणीच्या शहरात राहून लुगड्यासाठी थांबायची वेळ आली, कारण गिरण्यांचे पुष्कळसे कापड सैन्याकडे जात होते.

पण युद्धाने इंदूरला एक गंमतही दिली. महूच्या छावणीत नेमणूक झालेला एक इंग्रज शिपाईगडी होळकर संघाकडून रणजी करंडक खेळला. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन, इंग्लंडचा नावाजलेला फलंदाज. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईला अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. कर्णधार अर्थातच कर्नल सी. के. नायडू. एवढे करूनही आपण हरलो, कारण पलीकडे विजय मर्चंट होते आणि त्यांनी २७८ केल्या होत्या! पुढच्याच हंगामात होळकर संघाने करंडक आणला. आजोबांनी ही कथा नातवंडांना शंभरदा सांगितली असेल. आजीने त्या दिवशी स्वयंपाकात काय भागवले, ते मात्र कोणी विचारले नाही.

घर हलले नाही, राज्य तीनदा बदलले

१९४७ च्या जूनमध्ये इंदुरात 'नई दुनिया' हे दैनिक निघाले. राहुल बारपुते यांच्यासारख्या मराठी माणसाने पुढे ते घडवले आणि हिंदी पत्रकारितेत इंदूरचे नाव केले. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्य आले. फाळणीने सिंधमधून उखडलेली कुटुंबे इंदुरात आली. नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या त्या माणसांनी हातगाडीवरून सुरुवात करून पेढ्या उभ्या केल्या, आणि आजीच्या बाजारहाटात सिंधी दुकानदार कायमचा आला.

२८ मे १९४८ रोजी होळकर आणि शिंदे यांची संस्थाने व माळव्यातली इतर लहानमोठी राज्ये मिळून मध्य भारत झाला. राजधानी काही महिने ग्वाल्हेरला, काही महिने इंदूरला. कचेऱ्यांबरोबर दप्तरे हलली आणि कारकुनांची बिऱ्हाडेही हलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. त्याच फेररचनेत नागपूर-विदर्भाचे आठ मराठी जिल्हे जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला तेव्हा ते त्यात आले. आपण मात्र इकडे राहिलो.

होळकरांची प्रजा, मध्य भारताचे नागरिक, मध्य प्रदेशातले भाषिक अल्पसंख्य, अशी तीन रूपे आजीने त्याच वाड्यात, त्याच चुलीपाशी बसून घेतली. ज्या दरबारात मराठीला मान होता, त्याच गावात तिच्या मुलांना नोकरीसाठी हिंदीत अर्ज लिहावा लागला. याबद्दल आपण पुष्कळदा हळहळतो. पण आजीने मुलांना हिंदी शाळेत घातले आणि संध्याकाळी देवापुढे बसवून रामरक्षा, पाढे आणि बाराखडी मराठीतून करून घेतली. आज आपण ही स्मरणिका मराठीत वाचत आहोत ते तिच्या त्या रोजच्या अर्ध्या तासामुळे. कोणत्याही संमेलनाच्या अध्यक्षाइतकेच श्रेय तिचेही आहे.

मतदारयादीतली बाई

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला तिच्याकडे येतो.

१९५१-५२ मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क १९४४ मध्ये मिळाला होता, स्वित्झर्लंडमध्ये तर तो १९७१ पर्यंत मिळायचा होता. आपल्याकडे पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढ बाईला मत मिळाले. पण याद्या करायला माणसे घरोघर गेली तेव्हा एक अडचण आली. पुष्कळ बायका आपले नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', 'फलाण्याची मुलगी' अशाच नोंदी झाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की मतदाराला स्वतःचे नाव हवे. नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली, तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. त्यांतल्या बहुतेक ज्या राज्यांतल्या होत्या, त्यांत आपला मध्य भारतही होता.

२८ लाख बायका, आणि कारण एवढेच की त्यांनी नाव सांगितले नाही, किंवा त्यांच्या घरच्यांनी सांगू दिले नाही.

आपली आजी त्यांत होती की नव्हती? आपल्या घरांत बायका थोडेफार शिकलेल्या होत्या, तेव्हा ती नव्हती असेच म्हणायला आपल्याला आवडेल. पण खात्रीने किती घरे सांगू शकतील? आम्ही हा लेख लिहायला बसलो तेव्हा आपसात एक साधा प्रश्न विचारला: आजीचे माहेरचे नाव काय? जन्माच्या वेळी ठेवलेले नाव, आणि वडिलांचे आडनाव? आजोबांच्या सात पिढ्यांची वंशावळ भिंतीवर लावलेली माणसे गप्प बसली. कोणी म्हणाले, "यमू की ठमू, असे काहीतरी." कोणी म्हणाले, "आत्याला विचारायला हवे होते." आत्या जाऊन चार वर्षे झाली होती.

हे आपले आपणच केलेले गाळणे आहे. सेनसाहेबांनी निदान मुदत वाढवून दिली होती. आपण तेवढेही केले नाही.

आणि हीच आजी कायद्याने बदलत होती. १९५५-५६ मध्ये हिंदू विवाह आणि वारसा कायदे झाले. वारशात मुलींना आणि विधवांना हक्क मिळाला. भाऊबीजेला भावाकडे हिस्सा मागायचा नाही, ही रीत मात्र कायद्याहून चिवट निघाली. ती सही करून मोकळी झाली. त्या हक्कसोडपत्रावर तिचे नाव सापडेल कदाचित, माहेरच्या कागदांत.

गहू, पाणी आणि भोंगा

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरच्या बायकांनी संरक्षण निधीला सोने दिले. पुढच्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरटचे दागिने आले. १९६५ च्या लढाईनंतर लालबहादूर शास्त्रींनी एक वेळ उपास करायला सांगितले. सोमवार करणाऱ्या आजीला त्याचे काहीच वाटले नाही. वाटले ते अमेरिकन गव्हाचे. ज्या माळव्याच्या काळ्या जमिनीतल्या गव्हाची ख्याती देशभर, तिथल्या बाईने रेशनच्या रांगेत उभे राहून पीएल-४८० चा लाल गहू आणला आणि त्याच्या पोळ्या लाटल्या. त्या करारावर सह्या दिल्ली आणि वॉशिंग्टनला झाल्या, त्याची कणीक मळली आजीने.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि रॉकेलच्या रांगा पुन्हा लांबल्या. तिला त्या ओळखीच्या होत्या. १९७५ मध्ये देवीचा रोग भारतातून गेला. शितळासप्तमीला थंड नैवेद्य दाखवताना जिने लहानपणी देवीने गेलेली भावंडे पाहिली होती, तिला ही बातमी चंद्रावर माणूस उतरल्याहून मोठी वाटली असेल. त्याच दशकाच्या शेवटी, लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर, नर्मदेचे पाणी इंदुरात आले. ज्या रेवामाईच्या दर्शनाला महेश्वर-ओंकारेश्वरला जावे लागे, ती नळातून घरात आली. पहिल्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिलेले आपल्यापैकी काहींनी पाहिले आहे.

सगळेच दिवस असे नव्हते. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर दंगल उसळली, शीख शेजाऱ्यांची घरे आणि दुकाने जळाली आणि राजवाड्याचा मागचा भाग आगीत गेला. महिनाभरातच भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली. राजवाडा पुढे दुरुस्त झाला. त्या रात्री कोणी कोणाला घरात लपवले, कोणी दार लावून घेतले, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

मग १९९१ आले. त्या उन्हाळ्यात नवे आर्थिक धोरण सुरू झाले. १२ डिसेंबरला हुकुमचंद मिल बंद झाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मॉस्कोत सोव्हिएत संघाचा झेंडा उतरला. आजीच्या जन्मसाली जे राज्य उभे राहिले होते, ते ती चौऱ्याहत्तर वर्षांची असताना विसर्जित झाले आणि त्याच पंधरवड्यात तिच्या शहरातला भोंगा थांबला. कामगारांचे होमी दाजी यांच्यासारखे पुढारी एकेकाळी लोकसभेत गेले होते. आता तेच कामगार आपल्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले. ते सुमारे २२४ कोटी रुपये २०२३ च्या डिसेंबरात मंजूर होऊन हाती पडायला लागले, बत्तीस वर्षांनी. तोवर कित्येक कामगार गेले होते. रांगेत त्यांच्या विधवा उभ्या होत्या, आणि त्यांच्या कागदांवर नाव नीट आहे ना, हे पुन्हा एकदा तपासले जात होते.

२००१ मध्ये विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन पुन्हा इंदुरात भरले. एका बाईच्या आयुष्यात तिच्या गावी तीन संमेलने झाली: पहिल्याच्या वेळी ती तान्ही होती, दुसऱ्याच्या वेळी सून, आणि तिसऱ्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांची आजी. या तिसऱ्या संमेलनाची अध्यक्ष बाई होती.

आता काय करायचे

वाडे पाडून तिथे मजले चढत आहेत. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरातली पहिल्या पिढीची घरेही आता विकली जात आहेत. माळ्यावरची पेटी उतरवली की तिच्यातले रेशनकार्ड, मोडीतले कागद, गिरणीचा पगारबिल्ला, पिवळी पडलेली पत्रे पुष्कळदा रद्दीवाल्याकडे जातात, कारण मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला असतात आणि सामान दोन दिवसांत आवरायचे असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या पेटीत काय आहे हे आपणच त्यांना सांगितलेले नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. गौरी-गणपतीला मुलेबाळे घरी येतात. एक दुपार काढून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसावे. जेवणात काय होते आणि काय मिळत नव्हते, पाणी कुठून येई, पहिले मत कधी दिले, घरातले कोण कोणत्या साथीत गेले, भोंगा थांबला त्या दिवशी घरात काय बोलणे झाले, एवढे विचारले तरी वहीची दहा पाने भरतील. बोलणे त्यांच्याच भाषेत उतरवावे, इंदुरी मराठीत, सुधारू नये. ज्या घरांत आता सांगणारे कोणी राहिले नाही, त्यांनी पेटी उघडावी.

मंडळाने पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत यासाठी काही पाने राखून ठेवावीत, असे आम्ही सुचवतो. सजावटीची पाने थोडी कमी झाली तरी चालतील. लेख लिहिता आला नाही तर निदान एक ओळ पाठवावी. तिच्यात आजीचे नाव असावे, माहेरचे आणि सासरचे, दोन्ही.

गणपती बाप्पा मोरया!